मशीन बरोबर होतं

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी मार्केट यार्डात वर्षाचा गूळ घेत होते. तिचे थोरले भाऊ अरविंददादा नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, "माधवीताई, शैला गेली. सकाळी चहाला उठवायला गेलो तर..." माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : "डॉक्टर येऊन गेले का? दाखला मिळाला?" गूळ तिथेच ठेवला, रिक्षा केली. कर्वेनगरला पोचेपर्यंत कुणाकुणाला कळवायचं, गाडी कुठून मागवायची, परगावाहून कोण येईल आणि कोण येणार नाही, हे सगळं मनात लावून झालं होतं. वैकुंठ स्मशानभूमीतून परतल्यावर दादा म्हणाले, "पेपरात द्यायचं तेवढं तुम्हीच लिहा. तुम्हाला जमतं." त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसून मी लिहिलं. नाव, वय, संशोधक म्हणून केलेली नोकरी, मागे भाऊ, वहिनी, पुतणी ऋचा. आणि त्यात, हात जराही न थबकता, लिहिलं : 'अल्पशा आजाराने निधन झाले.'

शैलाचा आजार अल्प नव्हता. तिला अल्झायमर होता, कित्येक वर्षं होता, शेवटी न्यूमोनियाचं फक्त निमित्त झालं. त्या आजाराबद्दल मोकळेपणाने बोलायची इच्छा आम्हा सगळ्यांत एकाच माणसाला होती... तिला स्वतःला. बाकीचे गप्प राहिलो, आणि तिलाही गप्प ठेवलं. ते न बोलणं नुसतं घरापुरतं असतं तर एक वेळ ठीक. पण तिच्या आयुष्यभराचं काम त्याच एका न सांगितलेल्या गोष्टीपाशी अडून पडलं होतं. ती गोष्ट सांगायची की नाही, हे ठरवायला मला ती जाईपर्यंत वेळ लागला. याची लाज वाटते, आणि ती लपवून शैलाबद्दल चार चांगले शब्द लिहिणं मला जमणार नाही.

शैला खडकीत वाढली. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात मोजमापाच्या उपकरणांची तपासणी करायचे. आधी माप तपासायचं, मग माल, ही त्यांची शिस्त. मुलीने भौतिकशास्त्र घेतलं आणि पुढे एमआरआयच्या मशीनपाशी येऊन पोचली, तरी ती शिस्त तशीच राहिली. मी आमच्या संस्थेत शैलाच्या मेंदूविषयीच्या अभ्यासाची व्यवस्था पाहते. म्हणजे पेशंट आणि स्वयंसेवक शोधणं, त्यांच्या वेळा ठरवणं, त्यांना घरून आणणं, पोचवणं, मधल्या वेळात चहा आणि पोहे. शैला मला 'कलेक्टरीणबाई' म्हणायची. "कलेक्टरीणबाई, आज जनता दरबार कितीला?" पहिल्याच आठवड्यात तिने मला सुनावलं होतं, "तुझं वेळापत्रक इतकं सुंदर आहे, की त्यात माणसं घालून ते खराब करावंसं वाटत नाही." आमची मैत्री तिथून सुरू झाली.

तिचा विषय होता मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत. तिला ब्लड-ब्रेन बॅरियर म्हणतात. हे काय असतं ते स्वयंसेवकांना सांगायची तिची एक ठरलेली पद्धत होती. "बाकीच्या शरीरात रक्तातल्या गोष्टी बऱ्यापैकी सहज आत-बाहेर करतात. मेंदू मात्र अस्सल पुणेरी. दार अर्धंच उघडणार, साखळी काढणार नाही, आणि विचारणार, 'काय काम आहे?' बहुतेकांना दारातूनच परत पाठवतो." लोक हसायचे. मग ती म्हणायची, "म्हातारपणी किंवा विसरण्याच्या आजारात ही साखळी सैल होत असावी, असा आमचा संशय आहे. खरंच होते का, आणि किती लवकर, ते बघायचं आहे." बघायची पद्धत अशी, की मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्यावर मशीनने लहरींची एक खूण करायची, क्षणभर थांबायचं, आणि मग ते खूण केलेलं पाणी अजून रक्तवाहिनीतच आहे की भिंत ओलांडून मेंदूत गेलंय, ते मोजायचं. सुई नाही, इंजेक्शन नाही. फक्त त्या खडखडाटात डोकं न हलवता पडून राहायचं.

आता ज्याने मोजायचं तेच मशीन नीट आहे का, हे कशावरून ठरवायचं? एरवी त्यासाठी जेलीने भरलेली बाटली मशीनमध्ये ठेवतात. "पण बाटलीत रक्त वाहतं का?" शैला विचारायची. तिला जिवंत डोकं हवं होतं, तेही दर महिन्याला, वर्षानुवर्षं एकच. विद्यार्थी येतात आणि जातात, स्वयंसेवक कंटाळतात. म्हणून तिने स्वतःचं डोकं दिलं. महिन्याच्या सुरुवातीला कानातले, घड्याळ आणि केसांच्या पिना माझ्या हातात देऊन ती मशीनमध्ये जायची, आणि तिच्या डोक्याचा जो आकडा येईल तो आमचा प्रमाण आकडा. बाकी सगळ्यांची मोजणी त्याच्याशी ताडून बघायची. मशीनमधून बाहेर आली की पिना परत लावता लावता पहिला प्रश्न, "आकडा आला का?" पहिली काही वर्षं तो इतका स्थिर होता, की ती म्हणायची, "माझ्या डोक्यात नवीन काही घडतच नाही याचा हा छापील पुरावा."

मग तो आकडा हळूहळू वर सरकायला लागला. तिच्या डोक्यात पाणी भिंत ओलांडून जरा लवकर पलीकडे जातंय, असं मशीन सांगत होतं. शैलाने ठरवलं, मशीन बिघडलंय. आम्ही सगळ्यांनीच ठरवलं. मशीनच्या कंपनीचा इंजिनिअर पुन्हा पुन्हा येऊन तपासून गेला. सज्जन माणूस. दर वेळी म्हणायचा, "मॅडम, मशीन एकदम ओके आहे." एकदा शैला त्याला म्हणाली, "मशीन ओके आहे, मग काय माझं डोकं नॉट ओके आहे?" खोलीत सगळे हसले. मी सगळ्यांत जोरात हसले, आणि बाहेर जाऊन त्याच्या साहेबाला एक कडक ईमेल पाठवली. शेवटी शैलाने स्वतःच एक दुरुस्ती बसवली. ज्या महिन्यात तिचा आकडा जेवढा वर, तेवढ्या प्रमाणात त्या महिन्यातले इतर सगळ्यांचे आकडे खाली आणायचे. त्याने गणित बसलं, पण अभ्यास आडवा झाला. निरोगी माणसं बहुतेक सुरुवातीलाच मोजून झाली होती, पेशंट नंतर येत गेले, त्यामुळे दोघांत काही फरकच दिसेना. वर्षं गेली. शैला म्हणायची, "संशय चुकीचा असेल. तोही निष्कर्षच आहे." पण तिचा चेहरा पडलेला असायचा.

त्याच काळात ती बदलत होती आणि ते मी पाहत होते. माणसं काय विसरली की घरच्यांना धास्ती वाटते, ते मी रोज पेशंटच्या नातेवाइकांकडून ऐकत होते, पण शैला तसलं काही विसरत नव्हती. तिचा फक्त खवचटपणा शिळा व्हायला लागला. सकाळी मारलेला टोमणा ती दुपारी त्याच माणसाला, त्याच शब्दांत, तितक्याच उत्साहाने मारायची. समोरचा दुसऱ्यांदाही हसायचा, तिच्या मानापोटी. मला राग यायचा. एकदा मी चारचौघांत म्हणाले, "शैला, सकाळीच झालंय हे. काहीतरी नवीन काढ." ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "झालंय का?" त्यानंतर ती माझ्यासमोर टोमणे मारायचीच बंद झाली. पुण्यात कुणी खवचट बोलायचं थांबलं की ताबडतोब डॉक्टर गाठावा, हे तेव्हा मला सुचलं नाही. मला वाटलं, बरं झालं, सुधारली.

शोध लावला तो मंदारने. मंदार आमच्या गटातला दुसरा भौतिकतज्ज्ञ, तिच्याच हाताखाली तयार झालेला. त्याला ती दुरुस्ती खटकत होती, म्हणून त्याने न बोलता स्वतःचं डोकं आणि आणखी काही सहकाऱ्यांची डोकी महिनोन्‌महिने मशीनमध्ये घालून बघितली. सगळ्यांचे आकडे स्थिर होते. वर जात होता तो एकच. तो आधी तिच्याकडे गेला नाही, माझ्याकडे आला. दार लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "मॅडम, मशीन ड्रिफ्ट होत नाहीये. आकडा मशीनमुळे सरकत नाहीये." मी म्हटलं, "मग?" त्याचे डोळे भरून आले, तेव्हा मला कळलं.

मग डॉक्टर, तपासण्या आणि निदान हे सगळं ओळीने झालं. ते मी व्यवस्थित पार पाडलं. मंदारने तिला तिच्याच आकड्यांचा आलेख दाखवला त्या दिवशी दादा, मी आणि तो, तिघेही ती रडेल या तयारीने बसलो होतो. ती चष्मा पुसून पुसून बराच वेळ बघत राहिली. आणि एकदम टेबलावर हात आपटून म्हणाली, "अरे, म्हणजे मशीन बरोबर होतं!"

तिचा चेहरा मी विसरू शकत नाही. आनंद झाला होता तिला. "त्या बिचाऱ्या इंजिनिअरला आपण किती छळलं! मंदार, माझी दुरुस्ती काढून टाक. सगळ्या पेशंटचे आकडे परत काढ." मंदारने काढले. फरक होता. इतकी वर्षं होता, तिच्या दुरुस्तीखाली दबलेला. तिने टाळ्या वाजवल्या, आणि लगेच बोट वर करून म्हणाली, "माझ्या एकटीच्या डोक्यावरून काही सिद्ध होत नाही हं, असं लिहू नका. पण दुरुस्ती चुकीची होती, एवढं नक्की. आणि ती का चुकीची होती ते लिहावं लागेल." जाताना मला म्हणाली, "या वर्षीच्या मेळाव्यात मी बोलणार. मीच सांगणार."

आमच्या अभ्यासात भाग घेणारे पेशंट, स्वयंसेवक आणि त्यांचे घरचे यांना वर्षातून एकदा बोलावून काय काम झालं ते मराठीत सांगायची पद्धत आहे. ती शैलानेच पाडली. त्या वर्षी तिने तयारी केली. काय बोलायचं ते मला दोनदा म्हणून दाखवलं. तेव्हा तिला ते नीट जमत होतं, हेही सांगायला हवं. आणि मी कार्यक्रमातून तिचं नाव काढलं. मला वाटलं, लोक हळहळतील. अभ्यासाच्या प्रमुख बाईलाच हा आजार, म्हणून कुजबुजतील. ती मध्येच अडखळली तर काय घ्या. तिला म्हटलं, "वेळ कमी आहे गं, पुढच्या वेळी." ती इरकली नेसून दुसऱ्या रांगेत बसली होती. दर भाषणानंतर मागे वळून माझ्याकडे बघायची. शेवटी चहाला सगळे उठले तेव्हा हळूच जवळ आली, "माझा नंबर राहिला का गं?" मी म्हटलं, "पुढच्या वेळी नक्की." पुढच्या वेळेपर्यंत तिच्याजवळ ती वाक्यं उरली नव्हती.

त्यानंतर लपवणंही मी नीटनेटकं केलं. बाहेर सांगितलं, मानेचं दुखणं आहे. तिचे फोन मी घेऊ लागले. तिला संस्थेत यायचं असायचं तेव्हा गर्दी नसेल अशी वेळ मी निवडायची. ती आली की कधी मशीनच्या खोलीशी थांबून पिना काढायला लागायची, मी तिला हाताला धरून बाहेर न्यायची. मंदारने शोधनिबंध नियतकालिकाकडे पाठवला, त्यात दुरुस्ती 'तांत्रिक कारणास्तव' काढल्याचं लिहिलं, कारण दुसरं लिहायला घरच्यांची परवानगी मी मिळवून देत नव्हते. तपासणाऱ्यांनी विचारलं, कोणतं तांत्रिक कारण? त्याचं उत्तर गेलं नाही आणि निबंध पडून राहिला.

शैलाचे दिवस झाल्यानंतर मंदार म्हणाला, "मॅडम, आता तरी विचारा ना दादांना." मी गेले. वहिनींनी चहा टाकला. मंदारने लिहिलेला मजकूर मी दादांपुढे ठेवला. त्यात शैलाचं नाव, तिचा आजार, तिचंच डोकं प्रमाण धरल्यामुळे झालेली चूक, हे सगळं सरळ लिहिलं होतं. दादांनी तो सावकाश वाचला.

"हे आत्ता का?" ते म्हणाले.

"त्याशिवाय तिचं काम बाहेर येणार नाही. तुमची अडचण मला माहीत आहे दादा. घरात ऋचाचं लग्न व्हायचंय, आनुवंशिक आहे म्हणून कुणी काही बोलेल..."

"ऋचाच्या लग्नाचं मी कधी बोललो?" दादांनी मान वर केली. "माधवीताई, शैलाला हे कुणाला कळू द्यायचं नाहीये, असं तुम्ही मला सांगितलंत. या इथे बसून. तिला आवडणार नाही, म्हणालात. म्हणून मी तोंड शिवून बसलो. सख्ख्या मावसभावाला सांगितलं नाही."

मी सांगितलं होतं. आणि शैलाला स्वतः बोलायचं होतं तेव्हा तिला सांगितलं होतं, की दादांना नको आहे. हे दोन्ही मी तिथेच कबूल केलं. खोटं बोलतेय असं मला तेव्हा वाटलंच नव्हतं. दोघांनाही हेच हवं असणार, असं गृहीत धरून मी दोघांच्या वतीने निरोप पोचवत होते. लाज वाटत होती ती मला. मी ती दोघांच्या नावावर खपवली.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणून होय... शेवटी शेवटी मला सारखी विचारायची, 'दादा रागावलाय का माझ्यावर? मी काय केलं?' मला काही संदर्भच लागायचा नाही. मी आपली म्हणायची, नाही हो, कशाला रागावतील."

दादांनी चष्मा काढून ठेवला. मी म्हटलं, "तुम्ही परवानगी दिलीत तर..."

"तिला सांगायचं होतं. मला काही हरकत नव्हती. मग तुम्ही परवानगी कुणाची मागताय?" एवढं बोलून ते उठले आणि आतल्या खोलीत गेले. चहा मी घेतला नाही. वहिनींनीही आग्रह केला नाही.

निबंध तो मजकूर घालून गेला. त्याचं काय होईल ते होईल. मेळावा मात्र परवाच झाला. मंदार बोलणार होता, त्याच्याआधी मी उभी राहिले. मला भाषणाची सवय नाही, सूचना द्यायची आहे. साखळी आणि अर्धं उघडलेलं दार यांच्या गमती मला शैलासारख्या सांगता आल्या नसत्या, म्हणून जे झालं ते झालं तसं सांगितलं. जिच्या डोक्यावरून आम्ही सगळ्यांची डोकी मोजत होतो तिलाच हा आजार होता. ते कळल्यावर तिला दुःखाच्या आधी आनंद झाला होता. तिला हे इथे, तुमच्यासमोर, स्वतः सांगायचं होतं, आणि मी सांगू दिलं नाही. दादा मागच्या रांगेत बसले होते. माझ्याकडे बघत नव्हते, पण आले होते. कुणी कुजबुजलं नाही. कुणी हळहळलंही नाही. लोक ऐकत होते, इतकंच. इतकी वर्षं मी ज्याला घाबरले ते एवढंच होतं.

चहाच्या वेळी बाकीचे बाहेर गेले तरी एक काकू हॉलमध्येच थांबल्या. त्यांचे यजमान आमचे पेशंट. त्यांना काहीही विचारलं तरी उत्तर काकू देतात, हे मला पाठ होतं. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्या बाईंना कळत होतं का हो? म्हणजे आपल्याला काय झालंय ते?"

"कळत होतं."

"आणि तरी त्यांना सांगायचं होतं?"

"हो. लपवलं ते आम्ही."

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी यांना अजून सांगितलेलंच नाहीये. मेंदूची साधी तपासणी आहे, म्हणून आणते. ते विचारतात मधूनमधून. मी विषय बदलते." मग माझा हात धरून म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही बोललात." ते आभार मला घेता येईनात.

काका तिसऱ्या रांगेत एकटेच बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. काकू त्यांच्याकडे गेल्या. शेजारची खुर्ची ओढून त्यांनी ती फिरवली, त्यांच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, जरा माझ्याकडे बघा..."

पुढचं ऐकायचा अधिकार मला नव्हता. मी बाहेर आले, हॉलचं दार ओढून घेतलं आणि दाराशी उभी राहिले. चहा संपवून मंडळी परतत होती. मंदारने लांबून घड्याळ दाखवलं. दुसऱ्या सत्राची वेळ होऊन गेली होती. दोघेतिघे आत जायला पुढे झाले.

"थांबा जरा," मी म्हटलं. "आत बोलणं चाललंय."